खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि उतारवयातील तबकड्या

सुरतहून गाडीने दोन-अडीच तासांवर बडोदा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे सयाजीराव महाराजांच्या दरबारात एक तरुण गवई होता. नाव अब्दुल करीम खाँ. जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातील कैराना गावचा. त्या गावावरूनच किराणा घराण्याचे नाव पडले. वाण्याच्या दुकानाशी त्याचा संबंध नाही, हे मुलांसाठी मुद्दाम सांगत आहोत.

बडोद्यात सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होती. दोघांनी बडोदा सोडले व मुंबईस संसार मांडला. १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मुले शिकायला तेथेच राहत. त्यांचा खर्च भागवायचा म्हणून खाँसाहेब जलसे करीत. शाळा चालवणे किती कठीण, हे आम्हांस वेगळे सांगायला नको.

१९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही त्यांची मुले पुढे नामवंत गायक झाली, पण वडिलांचे नाव कोणी लावले नाही. हिराबाईंच्या आडनावात बडोदे तेवढे राहिले. खाँसाहेब मिरजेस स्थायिक झाले.

आता तबकड्यांविषयी. १९०५ च्या सुमारास त्यांच्या काही तबकड्या निघाल्या होत्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, गायकाला भोंग्यात तोंड घालून जोराने गावे लागे. खाँसाहेबांचा आवाज बारीक व नाजूक. भोंग्याने त्यातले बरेच गाळून टाकले असावे, असे आम्हांस वाटते. नंतर सुमारे तीस वर्षे त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले नाही. म्हणजे विद्यालयाच्या आणि भरल्या घराच्या काळातला त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. तो गेला तो गेलाच.

साठीच्या आसपास ओडियन कंपनीने त्यांना पुन्हा गायला बसवले. आता मायक्रोफोन होता. हळू लावलेला सूरही त्यात उमटू लागला. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळत. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या माणसाने तेवढ्यात काय गावे? पण ऐकताना घाई कोठेही जाणवत नाही. सूर लागतो, थांबतो, मग पुढे सरकतो. यात ख्याल आहेत, ठुमऱ्या आहेत, ‘मानापमान’ नाटकातले पद आहे, दक्षिणेतील त्यागराजांची कृतीही आहे. उत्तरेच्या गवयाने तेलुगू रचना गाणे त्या काळी नवलाचेच होते. झिंझोटी रागातील ठुमरी तर घरोघर पोहोचली. गदगचे बालक भीमसेन जोशी ती ऐकून वेडावले आणि गुरूच्या शोधात घरातून निघाले. पुढे ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले. ज्यांच्या घरी जुने गाणे ऐकत असतील त्यांनी ही ठुमरी मुलांना जरूर ऐकवावी, एकदा नव्हे, दोनदा.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जाताना खाँसाहेबांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तेथेच त्यांचे निधन झाले. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई येऊन गातात.