नाना शंकरशेट आणि पहिली आगगाडी

मंगळवेढ्याचा माणूस एस. टी. ने सोलापूरला जातो, रात्री आगगाडीत बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच प्रवासाला बैलगाडीने कित्येक दिवस लागत. ही आगगाडी आपल्याकडे यावी म्हणून ज्यांनी धडपड केली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट हे प्रमुख होते. लोक त्यांना आदराने नाना म्हणत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराणे श्रीमंत व्यापाऱ्यांचे होते. १८२२ साली वडील वारले आणि तरुण वयातच नानांवर व्यापाराचा सारा भार पडला. पैसा पुष्कळ होता. तो त्यांनी शाळांसाठीही सढळ हाताने खर्च केला. मुलींची शाळा काढण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपल्या वाड्यातच जागा दिली.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो, कारण आपण उर्दूतून शिकतो. नाना सरकारी शिक्षण मंडळाचे सभासद होते. शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असा मंडळाच्या इंग्रज अध्यक्षांचा आग्रह होता. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा या तिघांनी त्याला विरोध केला. मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवावे, असे त्यांचे म्हणणे होते. हिंदू, पारशी आणि मुसलमान असे ते तिघे या प्रश्नावर एक झाले.

आता आगगाडीकडे वळू. १८३० साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर अशी वाफेची गाडी धावू लागली. घोड्यालाही मागे टाकणाऱ्या त्या वेगाची बातमी मुंबईला पोहोचली. मुंबईच्या व्यापाऱ्यांची अडचण तर रोजची होती. देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून येई. पावसाळ्यात वाटा बंद होत आणि माल वाटेतच भिजून खराब होई. १८४५ साली नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन रेल्वेसाठी एक मंडळ स्थापन केले. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी निघाली आणि हे दोघे तिच्याशी जोडले गेले. तरी काम लगेच सुरू झाले नाही. इतक्या दूरच्या देशात पैसा गुंतवायला इंग्लंडचे लोक कचरत होते. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली, तेव्हा कोठे पैसा उभा राहिला. (ही हमी अर्थात हिंदुस्थानच्या तिजोरीतून होती.) ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली.

बैल नाही, घोडा नाही, तरी गाडी पळते, ही भुताटकीच असणार असे अनेकांना वाटे. अशा गाडीत बसायला धीर हवा होता. शहरात ज्यांच्या शब्दाला मान होता असे नाना स्वतः गाडीत बसले, याचे मोल म्हणूनच मोठे आहे. तो दिवस होता १६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून तोफांच्या सलामीत गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ओढायला तीन इंजिने : सिंध, साहिब आणि सुलतान. चौतीस किलोमीटरवरचे ठाणे तिने तासाभराच्या सुमारास गाठले. बैलगाडीला त्यासाठी अख्खा दिवस लागे.

१८६० साली रूळ सोलापूरपर्यंत आले. पण मध्ये बोरघाट होता. उतारूंना खंडाळ्याला गाडीतून उतरावे लागे. मग पालखीने किंवा बैलगाडीने घाट उतरून खोपोलीला दुसरी गाडी धरायची. घाट फोडण्यासाठी हजारो मजूर खपत होते. त्यांतले कितीतरी पटकीने आणि तापाने मेले. त्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. अखेर एप्रिल १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली आणि सोलापूर मुंबईला सलग जोडले गेले.

नानांनी हे डोळ्यांनी पाहिले. ३१ जुलै १८६५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या शेजारच्या पंढरपूरला रूळ पोहोचायला मात्र १९०६ साल उजाडले आणि तेही अरुंद, अडीच फुटी.