महात्माजींचे उपवास आणि शरीराचा धर्म

उपवास आमच्या घरांस नवा नाही. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र या तिथींना जोयडा तालुक्यातील अणशीपासून रामनगरपर्यंत कितीतरी चुली उशिरा पेटतात, काही पेटतही नाहीत. हा देवाचा उपवास झाला. परंतु अलीकडे रोग बरा व्हावा म्हणून उपवास करण्याचीही हवा पसरली आहे. कोणी मधुमेहासाठी दोन-दोन दिवस अन्न वर्ज्य करतो, कोणी वजन उतरविण्यासाठी केवळ पाण्यावर राहतो, आणि कोणी ऐकीव गोष्टींवर विसंबून चालू औषधे सोडून देतो. अशा वेळी ज्या पुरुषाने आपला देह आयुष्यभर या प्रयोगाला लावला, त्याचे चरित्र या एका अंगाने पाहावे असे आम्हांस वाटते. तो पुरुष म्हणजे महात्मा गांधी.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदर येथे झाला. उपवासाचा संस्कार त्यांना आईकडून मिळाला. पुतळीबाई चातुर्मासात कठीण व्रते करीत. एका वर्षी सूर्यदर्शन झाल्यावाचून जेवावयाचे नाही, असा त्यांचा नेम होता. पावसाळ्यातील ढगांत सूर्य दिसला की मुले धावत येऊन आईला सांगत. ती बाहेर येईपर्यंत तो पुन्हा लपलेला असे, आणि माउली हसतमुखाने उपाशीच कामाला लागे.

पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असता गांधीजींना बद्धकोष्ठ व डोकेदुखी यांचा त्रास होऊ लागला. त्यांच्या वाचनात लुई कूने आणि ॲडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तके आली. कटिस्नान, पोटावर ओल्या मातीची पट्टी, सकाळची न्याहारी बंद, असे उपाय त्यांनी स्वतःवर करून पाहिले व त्यांचा त्यांना गुण आला. तेव्हापासून औषधाच्या बाटलीवरचा त्यांचा विश्वास उडाला तो बहुतांशी कायमचाच.

या विश्वासाची पहिली कठोर परीक्षा 1902 साली मुंबईत झाली. दुसरा मुलगा मणिलाल, वय सुमारे दहा वर्षांचे, विषमज्वराने पडला. सोबत फुप्फुसाचा दाह होता आणि रात्री वात होई. डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितले. गांधीजींनी ते नाकारले. तीन दिवस केवळ पाणी मिसळलेला संत्र्याचा रस दिला, तीन-तीन मिनिटांचे कटिस्नान दिले, आणि ताप 104 अंशांवर गेल्यावर ओल्या चादरीत गुंडाळले. मुलगा वाचला. परंतु तो ईश्वरी कृपेने वाचला, पाण्याच्या उपचाराने वाचला की पथ्य व शुश्रूषेने, हे निश्चित सांगता येत नाही, असे गांधीजींनी पुढे आत्मचरित्रात प्रांजळपणे नोंदविले. हा प्रांजळपणा वाचकांनी ध्यानात ठेवावा. आज विषमज्वरावर गुणकारी औषधे आहेत. ती असताना त्या प्रसंगाचे अनुकरण करणे हे शहाणपण नव्हे.

1913 साली फिनिक्स आश्रमात एका नैतिक स्खलनाच्या प्रायश्चित्तार्थ त्यांनी सात दिवसांचा उपवास केला. तो सुलभ गेला. पुढील वर्षी चौदा दिवसांचा केला, तो मात्र जड गेला. पहिल्या उपवासात ते नित्य कटिस्नान करीत. दुसऱ्यात त्यांनी ते सोडले, आणि मळमळते म्हणून पाणीही फार थोडे घेतले. घसा सुकला, आवाज खोल गेला. उपवास सुटल्यावर लवकर शक्ती यावी म्हणून त्यांनी भराभर चालण्याचा व्यायाम आरंभिला, तेव्हा पाय असह्य दुखू लागले. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांना फुप्फुसावरणाच्या दाहाने गाठले. उपवास करताना जेवढी सावधगिरी लागते तिच्याहून अधिक तो सोडताना लागते, हा धडा त्यांनी आपल्या देहावर शिकून घेतला.

शरीराचा धर्मच तसा आहे. जेवण बंद झाले की यकृतात साठविलेली साखर सुमारे एका दिवसात संपत येते. नंतर शरीर चरबी जाळू लागते आणि तिच्यापासून कीटोन नावाची द्रव्ये बनतात. काही दिवसांत मेंदूही त्यांवर बराचसा निर्वाह करू लागतो. भूक मंदावते, तोंडाला विशिष्ट वास येतो, रक्तदाब उतरतो, वजन घटते. आरंभीचे घटलेले वजन पुष्कळसे पाण्याचे व क्षारांचे असते. चरबीबरोबर स्नायूंतील मांसही थोडे थोडे झिजते, आणि उपवास लांबला तर हृदयाचे स्नायूही त्यातून सुटत नाहीत. अल्प उपवासाने काहींच्या शरीरात इन्सुलिनचे कार्य सुधारते, हे आजचे शास्त्र मान्य करते. पेशी आपल्यातील जीर्ण भाग स्वतःच मोडून पुन्हा उपयोगात आणतात, या क्रियेच्या संशोधनाबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांस 2016 साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांचे मूळ कार्य किण्वावर झाले. त्यावरून माणसाचा अमुक रोग उपवासाने हमखास बरा होतो, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल.

उपवास हा सर्व रोगांवरील उपाय नव्हे, हे गांधीजींच्याच चरित्रात दिसते. 1918 साली खेडा जिल्ह्यात असता त्यांना अतिसार झाला. एका सणाच्या दिवशी मोह न आवरून गोड खाल्ले आणि रोग बळावला. चोवीस तासांत तीस-चाळीस वेळा शौचास होऊ लागले. त्यांनी औषध नाकारले, आरंभी फळांचा रसही घेतला नाही. देह इतका खंगला की अंतकाळ आला असेच त्यांस वाटले. अतिसारात देहातील पाणी व क्षार वाहून जातात. ते भरून काढावे लागतात, उपासाने ते भरून येत नाहीत. अखेर कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेतले तेव्हा शक्ती परतू लागली. पुढे 12 जानेवारी 1924 रोजी येरवड्याच्या कारावासात असता आंत्रपुच्छाच्या विकारासाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. निसर्गोपचाराचा एवढा कैवारी, परंतु जेथे सुरीच हवी तेथे त्याने सुरी स्वीकारली.

त्यांचे मोठे उपवास देहाच्या आरोग्यासाठी नव्हते, ते न्यायासाठी व आत्मशुद्धीसाठी होते. तरी त्यांनी शरीरावर काय परिणाम केला हे पाहण्याजोगे आहे. 20 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यात आरंभिलेला उपवास सहा दिवसांचाच होता, पण प्रकृती झपाट्याने ढासळली. 8 मे 1933 रोजी सुरू केलेला एकवीस दिवसांचा उपवास त्यांनी पुण्यात पर्णकुटीत विश्रांती व शुश्रूषा यांच्या आधारे 29 मे रोजी सुखरूप पार पाडला. नंतर तीनच महिन्यांच्या आत, 16 ऑगस्टला, पुन्हा उपवास आरंभिला, आणि तेव्हा एका आठवड्यातच ते मृत्यूच्या दारी पोहोचले. 23 ऑगस्टला सरकारने त्यांची सुटका केली. माणूस तोच, निश्चय तोच. भेद एवढाच की पहिल्या उपवासाची झीज अजून भरून आली नव्हती. एक उपवास निभावला म्हणून दुसराही निभावेल, असे देह कबूल करीत नाही.

झीज भरून आल्यावर हाच देह काय करू शकतो तेही दिसले. नोव्हेंबर 1933 पासून नऊ महिने त्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर दौरा केला आणि त्याच दौऱ्यात 1934 साली ते आमच्या जिल्ह्यात, कारवार व शिरसी येथे आले. तेव्हा आमच्या तालुक्याचे ठाणे सुपे होते. ते गाव पुढे काळी नदीच्या धरणात बुडाले.

10 फेब्रुवारी 1943 रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आगाखान महालात त्यांनी पुन्हा एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. मळमळीमुळे पाणी पोटात ठरेना. मूत्रपिंडांचे कार्य मंदावून रक्तात विष साचेल अशी भीती डॉक्टरांस वाटू लागली. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पाण्यात मोसंबीचा थोडा रस घालण्यात आला. पाणी पोटात राहू लागले आणि प्रकृती सावरली. डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर व पुण्याचे निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता त्यांच्याजवळ होते. अन्नावाचून देह काही आठवडे तगतो, पण पाण्यावाचून काही दिवसांपलीकडे तगत नाही, हे यावरून कळावे.

याच महालात 1942 साली त्यांनी आरोग्यावरील आपले पुस्तक लिहून पुरे केले होते. सुटकेनंतर गरिबांसाठी निसर्गोपचाराचे केंद्र काढण्याचा विचार त्यांनी केला. आरंभी ते पुण्यात दिनशा मेहतांच्या चिकित्सालयात काढावयाचे ठरले. परंतु खेड्यातील गरीब शहरात उपचारास कसा येणार, हे ध्यानात येताच त्यांनी तो बेत बदलला, आणि मार्च 1946 मध्ये पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरांवरील उरुळीकांचन येथे जाऊन स्वतः रोगी तपासले. सूर्यप्रकाश, कटिस्नान, मातीची पट्टी, साधा आहार, स्वच्छता आणि रामनाम, ही त्यांची औषधे. तेथील काम त्यांनी तरुण मणिभाई देसाई यांच्या हाती सोपविले, आणि मणिभाईंनी 1993 साली देह ठेवीपर्यंत त्या गावासाठी आयुष्य वेचले. तो आश्रम अद्याप चालू आहे. जानेवारी 1948 मध्ये दिल्लीत शांततेसाठी शेवटचा उपवास करून गांधीजी उठले आणि 30 जानेवारीला त्यांची हत्या झाली.

आता आमच्या वाचकांस या चरित्रातून काय घ्यावयाचे? आयुर्वेदात लंघन हा उपचार आहेच. पण तेथेही रोग्याचे बल पाहूनच तो सांगितला आहे, आणि शोधनानंतर पेजेपासून आरंभ करून क्रमाक्रमाने पूर्ण आहारावर यावे असा संसर्जनक्रम दिला आहे. आधुनिक वैद्यकाने त्यामागील कारण दाखविले आहे. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न घेतले तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम हे क्षार झपाट्याने घटतात आणि हृदय बंद पडू शकते. 1945 साली युरोपातील छळछावण्यांतून सुटलेले कित्येक भुकेले जीव पोटभर अन्न मिळाल्यावरच दगावले. आमच्या घरची पातळ तांदळाची पेज ही म्हणूनच केवळ गरिबाची न्याहारी नव्हे, ती उपाशी पोटाचे पहिले पथ्य आहे.

याउलट एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आमच्यावरच रचलेली आहे. साबुदाण्याची तुपातील खिचडी आणि तळलेले पदार्थ खाऊन लंघनाचे फळ मिळत नाही. निरोगी माणसाने एक वेळ हलका आहार किंवा फळे घेऊन, पाणी भरपूर पिऊन एक दिवस काढावा. त्यात सहसा अपाय नाही. परंतु मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणारे, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, मुले, क्षयरोगी, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे रोगी आणि अतिकृश वृद्ध यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास करू नये. मधुमेही माणसाची साखर एकाएकी उतरली तर काही वेळातच शुद्ध हरपते, आणि दवाखाना दूर असलेल्या रानातील वाडीत ही गोष्ट प्राणावर बेतते. घाम, कंप, भोवळ, छातीत धडधड यांपैकी काही जाणवताच उपवास तेथेच सोडावा व साखरपाणी घ्यावे. व्रत मोडले म्हणून देव रागावेल, ही भीती मनी धरू नये. महात्माजींनीही मोसंबीचा रस घेतलाच की.

ज्याने उपवासाचे शस्त्र इतरांहून अधिक वापरले, तोच त्याच्या मर्यादांविषयी सर्वांत सावध राहिला. आमच्या वाचकांनी त्यांचे धैर्य आठवावेच, पण त्याहून अधिक ही सावधता आपल्या घरी आणावी, एवढीच आमची विनंती आहे.