कॅप्टन साल्गेइरो माया

पोर्तुगालच्या ज्या हुकूमशाहीला १९६१ मध्ये गोवा सोडावा लागला, ती १९७४ मध्ये तिच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी उलथवली. आफ्रिकेतील युद्धांना विटलेले हे तरुण अधिकारी लोकशाहीसाठी गुपचूप भेटत होते. कॅप्टन साल्गेइरो माया त्यांपैकी एक. २५ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर उठावाच्या इशाऱ्याचे गाणे वाजले, तेही कॅथोलिक रेडिओवरून! २९ वर्षांचे माया सांतारेमहून सुमारे २४० जवान घेऊन लिस्बनला पोहोचले. सरकारी रणगाडे आडवे आले, तेव्हा पांढरा रुमाल घेऊन ते पुढे गेले. खिशात हातबॉम्ब होता म्हणे. समोरच्या सैनिकाने मात्र गोळी झाडण्याचा हुकूम मोडला. दोघांत अधिक शूर कोण, सांगणे कठीण! संध्याकाळी पंतप्रधान कायतानो शरण आले. मायांनी त्यांना जमावातून सुखरूप बाहेर काढले. पुढे मोठी पदे नाकारलेले माया १९९२ मध्ये कर्करोगाने वारले. वय अवघे ४७.