विश्लेषण : शेरलॉक होम्सला त्याच्याच लेखकाने का मारले?

एडिनबर्गमध्ये १८५९ साली जन्मलेले आर्थर कॉनन डॉयल पेशाने डॉक्टर. रुग्णाला नुसते पाहून त्याचा व्यवसाय ओळखणारे त्यांचे प्राध्यापक जोसेफ बेल यांच्यावरून त्यांना शेरलॉक होम्स सुचला. १८८७ मध्ये छापून आलेल्या पहिल्या होम्स-कथेचे हक्क त्यांनी अवघ्या २५ पौंडांना विकले होते.

१८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकाने होम्सला घराघरांत पोहोचवले. डॉयल यांना मात्र ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून नाव हवे होते. होम्स त्याआड येतो असे वाटून १८९३ मध्ये त्यांनी त्याला स्वित्झर्लंडमधील धबधब्यावर संपवले. वाचक संतापले. अखेर १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला.

डॉयल यांचे १९३० मध्ये निधन झाले. डोळ्यांसमोरचा, तरीही नजरेतून सुटलेला पुरावा दाखवणारा होम्स आजही वाचला जातो. ज्याला संपवले, त्यानेच लेखकाचे नाव टिकवले.