कै. रमाबाई रानडे आणि स्त्रियांचे उपजीविकेचे शिक्षण

न्यायमूर्ती रानडे यांच्या सहधर्मचारिणी म्हणून रमाबाईंचे नाव आपल्या ज्ञातीतील घराघरांत ठाऊक आहे. परंतु निराधार स्त्रीस हाती व्यवसाय देऊन तिच्या पायांवर उभे करण्याचे जे कार्य त्यांनी केले, त्याकडे आमचे लक्ष त्या मानाने कमीच गेले आहे. म्हणून त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग येथे विस्ताराने देण्याचे योजिले आहे.

देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घराण्यात सन १८६२ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. सन १८७३ मध्ये विवाह झाला, तेव्हा त्यांस अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी त्यांस मराठी व पुढे इंग्रजी शिकविले. घरातील वडील बायकांनी मात्र त्याबद्दल त्यांचा पुष्कळ छळ केला. सन १९०१ मध्ये त्यांस वैधव्य आले. मुंबईस मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने सन १९०८ मध्ये सेवासदन निघाले, त्याच्या अध्यक्षा रमाबाई झाल्या. आणि पुढील वर्षी पुण्यास सेवासदनाची स्थापना झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामी त्यांचे मोठेच साहाय्यक होते.

वाचन, लेखन, शिवण हे वर्ग लोकांना रुचण्याजोगे होते. अध्यापिका तयार करण्यासही फारसा विरोध होण्याचे कारण नव्हते. खरी अडचण आली ती परिचारिकांच्या शिक्षणाची. ससून रुग्णालयात सेवासदनाच्या स्त्रिया शिकू लागल्या, तेव्हा कोणत्याही जातीच्या रोग्यास शिवावयाचे, परपुरुषाची शुश्रूषा करावयाची, रात्रपाळीस घराबाहेर राहावयाचे, हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे असा ओरडा झाला. त्या स्त्रियांपैकी कित्येक विधवा होत्या. त्यांचे पोट कोणी भरावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र ओरडणाऱ्यांजवळ नव्हते.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग येथे सांगणे अवश्य आहे. परिचारिकेचे शिक्षण पुरे केलेली एक केशवपन झालेली विधवा पारितोषिक घेण्यास पुढे आली. तिला पाहताच प्रेक्षकांतील तरुण विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाई स्वभावाने अत्यंत सौम्य. पण त्या दिवशी त्यांनी उठून त्या सुशिक्षितांची चांगलीच कानउघाडणी केली. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी विधवा बहीण वा आत्या नाही, असे त्यांनी विचारिले, तेव्हा सभा चिडीचूप झाली. हुर्यो करणारे अशिक्षित नव्हते, विद्यालयांत शिकणारे होते. आणि त्यांत आपल्याच पांढरपेशा घरांतील मुले असणार, हे आम्हांस कबूल करावेच लागेल.

सेवासदनाचा विशेष असा की, शिक्षण तेथे प्रशस्तिपत्रापाशी थांबत नसे. शिकत असता राहण्यास वसतिगृह असे, आणि शिकलेली विद्या रुग्णालयात वा शाळेत वेतन मिळवून देणारी असे. आपल्या सभेच्या शिष्यवृत्त्या बहुधा वैद्यकी व स्थापत्य शिकणाऱ्यांकडे जातात. परिचर्या शिकणाऱ्या मुलीचा अर्ज आला तर त्यास पहिला मान मिळावा, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.

सन १९१० मध्ये रमाबाईंच्या पतिविषयक आठवणींचे पुस्तक निघाले व ते आजही वाचिले जाते. त्यांची लेखिका म्हणून कीर्ती त्यावर आहे. पण उत्तरायुष्यातील त्यांचा वेळ सेवासदनाच्या वर्गांत, वर्गणीच्या खटपटीत आणि येरवड्याच्या कारागृहातील स्त्री-बंद्यांच्या भेटीत गेला. सन १९२४ मध्ये त्यांचे पुण्यास देहावसान झाले, तेव्हा सेवासदनात शिकून स्वतःच्या वेतनावर घर चालविणाऱ्या स्त्रिया गावोगावी काम करीत होत्या.