विजेवरची मेंढी, दुसऱ्या वाचनात

अकरावी-बारावीत सायबरपंक कादंबऱ्या वाचताना लक्षात राहतात ते निऑन दिवे, हॅकर, माणसासारखे दिसणारे रोबो आणि पाठलाग. चार-पाच वर्षांनी तीच पुस्तकं पुन्हा उघडा, मग थकलेलं भाडं, नोकरीची कटकट आणि एकटेपणा दिसायला लागतो. सायबरपंकचा आजोबा म्हणता येईल अशा फिलिप के. डिकच्या बाबतीत तर हे हमखास घडतं. कारण भविष्याच्या नावाखाली तो बरंचसं स्वतःचंच जगणं लिहीत होता.

१६ डिसेंबर १९२८ रोजी शिकागोत फिलिप आणि जेन ही जुळी भावंडं जन्मली. जेन जेमतेम सहा आठवडे जगली. कोलोरॅडोतल्या फोर्ट मॉर्गनला तिच्या थडग्यावर शेजारी फिलिपचंही नाव कोरलेलं होतं, फक्त मृत्यूची तारीख रिकामी. या न आठवणाऱ्या बहिणीची पोकळी त्याला आयुष्यभर छळत राहिली.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत तो वाढला. विद्यापीठात फार टिकला नाही, रेकॉर्डच्या दुकानात नोकरी केली. १९५१ मध्ये पहिली कथा विकली गेली आणि त्याने लिखाणावरच जगायचं ठरवलं. पैसे इतके तुटपुंजे, की पाळीव प्राण्यांसाठी विकलं जाणारं घोड्याचं मांस आणून खायची वेळ आली. १९६९ च्या ‘यूबिक’मध्ये नायकाच्या घराचं दार नाणं टाकल्याशिवाय उघडत नाही आणि तो दाराशीच हुज्जत घालतो. पॉकेटमनीवर जगताना हा सीन विनोदी वाटतो. महिन्याअखेरीला खिसा रिकामा असताना वाचला, की हसू येतं, पण अर्धवट!

‘द मॅन इन द हाय कॅसल’ला १९६३ मध्ये ह्युगो पुरस्कार मिळाला. नाव झालं, पण पैशांची ओढाताण संपली नाही. अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्या घेऊन तो झपाटल्यासारखा लिहीत सुटला. पाच लग्नं झाली, पाचही मोडली. व्यसनांनी ओळखीतली तरुण मुलं गेली, काही कायमची जायबंदी झाली. १९७७ च्या ‘अ स्कॅनर डार्कली’च्या शेवटी त्याने अशांची यादीच दिली आणि त्यात स्वतःचंही नाव घातलं. पहिल्या वाचनात आपण ते पान सरळ उलटून टाकतो.

‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ ही कादंबरी १९६८ ची, त्यातलं भविष्य १९९२ सालचं. पळालेल्या अँड्रॉइडना टिपणारा रिक डेकार्ड हा खरं तर पगारदार माणूस. त्याची खरी मेंढी मेलीय आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून त्याने गच्चीवर विजेवरची मेंढी ठेवलीय. खरं जनावर परवडावं म्हणून त्याला बक्षिसाचे पैसे हवेत. माणूस आणि यंत्र ओळखायची चाचणी एकच, दुसऱ्या जिवाबद्दल कणव वाटते का? सोळाव्या वर्षी आपण कोण अँड्रॉइड निघतो ते शोधत पानं उलटतो. नंतर प्रश्न पडतो, की पैशांसाठी मारत सुटलेल्या डेकार्डमध्ये ती कणव किती उरलीय?

याच कादंबरीवरून ‘ब्लेड रनर’ आला, जून १९८२ मध्ये. सिनेमाचा काही भाग पाहून डिक खूश झाला होता. पण प्रदर्शनाआधीच, २ मार्चला, वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला. दोन वर्षांनी विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ आली आणि डिकच्याच नावाचा पुरस्कार तिला मिळाला.

डिकच्या अस्थी फोर्ट मॉर्गनला जेनच्या शेजारी पुरल्या गेल्या. दगडावरची ती रिकामी जागा भरली. त्याची पुस्तकं कपाटात पडून असतील, तर या सुट्टीत एखादं परत काढाच. पाठलागाची पानं या वेळी थोडी भरभर वाचली तरी चालतील, पण गच्चीवरच्या मेंढीपाशी जरा थांबा.