तात्या टोपे येवल्याचेच कशावरून? पुरावा खुद्द तात्यांनीच देऊन ठेवलाय

मनमाडहून शिर्डीला निघालं की वाटेत येवला लागतं. बहुतेक गाड्या इथे पैठणीच्या दुकानापुरत्या थांबतात. मुक्काम शिर्डीत, जेवण शिर्डीत. येवल्यातल्या हॉटेलवाल्यांच्या वाट्याला फार तर चहा-नाश्ता येतो.

लोकांनी इथे दिवसभर थांबावं असं येवल्यात काय आहे? पैठणीचे माग आहेत, बाबासाहेबांच्या 1935 च्या धर्मांतराच्या घोषणेची मुक्तिभूमी आहे आणि तिसरं नाव आहे तात्या टोपेंचं. त्यांचं भव्य स्मारक इथे व्हावं ही मागणी गावाने वर्षानुवर्षं लावून धरली. पण अडचण अशी की तात्यांचं सगळं कर्तृत्व घडलं ते येवल्यापासून शेकडो मैल लांब.

तात्यांचं मूळ नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. जन्म 1814 चा. वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला गेले आणि त्यांच्यामागे टोपे कुटुंबही गेलं. तेव्हा तात्या जेमतेम चार वर्षांचे होते. टोपे हे नाव कसं पडलं? कुणी म्हणतं बाजीरावांनी दिलेल्या टोपीवरून, कुणी म्हणतं तोफेवरून.

1851 मध्ये बाजीराव गेले आणि कंपनीने नानासाहेबांना पेन्शन नाकारली. 1857 चा उठाव झाला तेव्हा तात्या नानासाहेबांच्या बाजूने उतरले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी कानपूरला जनरल विंडहॅमला मागे रेटलं, पण डिसेंबरमध्ये कॅम्पबेलने डाव उलटवला. एप्रिल 1858 मध्ये झाशीच्या मदतीला जाताना बेतवाकाठी पुन्हा हार झाली. जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंसोबत ग्वाल्हेर जिंकलं, पण तेही महिनाभरात गेलं आणि राणीही गेल्या.

इथून पुढचे दहा महिने म्हणजे खरे तात्या. राजपुताना, माळवा, बुंदेलखंड, आणि मागे इंग्रजांच्या एकामागून एक तुकड्या. तोफा हातच्या गेल्या तरी ते माणसं गोळा करून पुन्हा उभे राहायचे.

ऑक्टोबर 1858 च्या अखेरीस त्यांनी नर्मदा ओलांडली. इंग्रजांना धास्ती बसली, कारण पेशव्यांचा माणूस पेशव्यांच्या मुलखात शिरला तर दख्खन पेटायला वेळ लागणार नव्हता. मुलताईपर्यंत तात्या आलेही. पण दक्षिणेच्या वाटा अडवलेल्या होत्या. ते सातपुड्यातून पश्चिमेला वळले आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर त्यांनी तारायंत्राच्या तारा तोडल्या. हाच रस्ता खाली मालेगाव, चांदवड करत नाशिकला येतो. जन्मगावाच्या दिशेने आयुष्यात कधी आले असतील, तर ते एवढेच. तिथून त्यांना पुन्हा उत्तरेला फिरावं लागलं.

7 एप्रिल 1859 ला नरवरच्या मानसिंगाने दगा दिला आणि पाडोणच्या जंगलात तात्या झोपेतच पकडले गेले. खटल्याआधी त्यांचा जबाब घेतला गेला. त्यात वडिलांचं नाव पांडुरंग, वय सुमारे 45 आणि राहणार बिठूर असं आहे. मूळ गाव म्हणून जोला, परगणा पाटोदा, जिल्हा नगर अशी नोंद आहे.

जोला म्हणजे येवला. इंग्रज लेखनिकाच्या कानाला तसं ऐकू आलं असावं. पाटोदा आजही येवला तालुक्यात आहे. आणि नगर जिल्हा का, तर नाशिक जिल्हा झालाच मुळी 1869 मध्ये, त्याआधी येवला नगरमध्ये होतं.

फाशी गेलेला माणूस तात्या नव्हताच, असं मानणारेही आहेत. पण जबाब दुसऱ्या कुणाचा असला तरी त्या माणसाला तात्यांचं गाव परगण्यासकट पाठ होतं, हे उरतंच.

आपण कंपनीचे प्रजाजन कधीच नव्हतो, धन्याचा हुकूम पाळला, एवढाच तात्यांचा बचाव होता. 18 एप्रिल 1859 ला त्यांना शिवपुरीत फाशी दिली गेली. त्या जागी आज त्यांचा पुतळा आहे आणि दरवर्षी त्याच तारखेला तिथे मेळा भरतो.